आडव्या ठिगळाचा पूल

फुलंब्री रस्त्यावरच्या नव्या उद्यानात एका जुन्या जपानी पुलाची प्रतिकृती उभी राहिली. पाच कमानी, सिमेंटच्या, लाकडी रंग दिलेल्या. नदीच्या जागी निळ्या फरशीचे तळे. मी जपानी शिकवते, म्हणून शिलाफलकाचा मजकूर माझ्याकडे आला.

आख्यायिका मी होती तशी दिली. पूर पूल टिकू देईना. तेव्हा एका गृहस्थाने सुचवले, ज्याच्या वस्त्राला आडवे ठिगळ असेल त्याला खांबाखाली जिवंत पुरावे. शोध झाला, आणि ठिगळ सुचवणाऱ्याच्याच वस्त्राला निघाले. बापाऐवजी त्याच्या दोन मुली खांबाखाली गेल्या.

समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांनी मजकूर वाचून आधी चहा मागवला. लोक लेकरंबाळं घेऊन येणार, त्यांना मुडदे कशाला. पुरण्याचे तेवढे गाळा, असे त्यांचे म्हणणे. मग उरते काय, असे मी विचारले. ते सौम्यपणे हसले.

"संध्याताई, तुमच्या लोकांना प्रत्येक बांधकामाच्या पायात आपलाच माणूस दिसतो."

दिसतो. आमच्याकडच्या बुरुजांच्या गोष्टींत पायात पुरला जाणारा नेहमी गावकुसाबाहेरचा असतो. जपानी गोष्टीने निदान एकदा ठिगळ सुचवणाऱ्याच्या अंगावर ठेवले. हे मी बोलले नाही, आणि ते न बोलणे मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

फलकावर कोरले गेले: ‘पुलाच्या रक्षणकर्त्या दोन भगिनी’. खाली माझे नाव. ते काढा म्हटले, तर दगड कोरून झाला होता.

उद्घाटनाला जपानहून एक वृद्ध पाहुणे आले, दुभाषी मीच. मधल्या खांबापाशी नानासाहेबांच्या दोन नाती किमोनो घालून भगिनी म्हणून उभ्या होत्या. धाकटी सारखी पाय बदलत होती. पाहुणे पायरीवरच थबकले आणि मला हलक्या आवाजात काही विचारले.

"काय म्हणतेत?" नानासाहेबांनी विचारले.

दुभाष्याजवळ अशा वेळी ‘फार सुंदर’ हे उत्तर तयारच असते. मी ते वापरले नाही.

"विचारतात, त्या पुरलेल्या मुलींच्या जागी उभ्या केलेल्या ह्या मुली कुणाच्या?"

फोटो व्हायचे होते. नानासाहेब स्वतः वर गेले आणि नातींचे हात धरून त्यांना खाली घेऊन आले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. दगड पुन्हा घडवून घेऊ, म्हणाले. भगिनींची ओळ काढून टाकू, फक्त पुलाची लांबी-रुंदी ठेवू.

"आणि माझं नाव?"

"ते राहू द्या की, ताई. तुमच्या नावात काय वाईट हाय?"