ज्येष्ठमधाचे काप

वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून उमैमाच्या जिभेला लगाम राहिला नव्हता. नववीतली पोर, पण बहारीनमधल्या हिद्दच्या त्या दोन खोल्यांत प्रत्येक गोष्टीवर तिचं मत हजर! रमजानात सोडलेली सिगारेट ईदनंतरही हातात घ्यायची नाही असं तिच्या अब्बांनी, इलियासनी, ठरवलं, तेव्हा उपायही तिनंच काढला.

"ज्येष्ठमध चघळा, अब्बा. तोंड गोड, सिगारेट खलास!"

मनामाच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या हाजींकडे ती स्वतः गेली. "किसके लिए, बेटी?" त्यांनी विचारलं.

"मालूम है हाजी, सब मालूम है! यल्ला, जल्दी दो!"

तिनं आणलेल्या पाकिटांवर सगळी चिनी अक्षरं. इलियास हसले. "आमच्या रत्नागिरीत पुडीत मिळायची ही मुळी. चीनला जाऊन कोट घालून आली की गो!"

ते गोदीत क्रेन चालवत. वर केबिनमध्ये सकाळपासून काप चघळणं सुरू झालं. पाकिटांमागून पाकिटं संपली. दोन महिन्यांनी कंपनीची तपासणी आली. ब्लडप्रेशर एकशे सत्तर, एकशे दहा. डॉक्टर मेधा पुण्याच्या, गोळ्या लिहून देत मराठीतच म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. असंच राहिलं तर क्रेन बंद."

क्रेन बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा.

अम्मीनं जेवणातलं मीठ कमी केलं, सुका बांगडा माळ्यावर टाकला. दुसरा आठवडा सरला, तरी औषधाच्या दुकानात मोजलेला आकडा हटेना. "सिगारेट ओढत होतो तेव्हाच बरा होतो," इलियास पुटपुटले.

ते वाक्य उमैमाला टोचलं. सिगारेट गेल्यापासून घरात नवीन काय आलं?

शाळा सुटल्यावर ती थेट हाजींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "प्रेशरवालों को ये नहीं देते, बेटी. मैं पूछ रहा था. तुमने पूछने कहाँ दिया?"

परतीच्या बसमध्ये ती मुद्दे जुळवत बसली. हाजींनी ओरडून सांगायला हवं होतं. पाकिटावर वाचता येईल असं लिहायला हवं होतं. मुद्दे बिनतोड होते. पण त्यातल्या एकानंही अब्बांचं प्रेशर उतरणार नव्हतं.

घरी इलियास उद्यासाठी डबीत काप भरत होते.

"अब्बा, ते खाऊ नका. त्यानंच प्रेशर वाढतंय. हाजी विचारत होते, मीच ऐकलं नाही."

ते थांबले. "आणलंस तेव्हा केवढं भाषण केलंस. आता एवढंच?"

"एवढंच."

"मग मी चघळू काय?"

"माहीत नाही."

"या अल्ला!" अम्मी आतून म्हणाली. "हिला माहीत नाही असं पण काहीतरी आहे!"

कुणी हसलं नाही. इलियासनी डबी कचऱ्यात रिकामी केली.

तिसऱ्या आठवड्यात उमैमा हट्टानं दवाखान्यात गेली. एकशे चव्वेचाळीस, नव्वद. "क्रेनवर जा," मुळीची हकिगत ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "पण दर आठवड्याला दाखवायला या. त्या मुळीचं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ती काय औषध थोडीच..." इलियास चाचरले. "घरातल्या कुणीतरी..."

"मी दिली," उमैमा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणखी कुणाला काय काय सुचवलंयस?"

 खालच्या मजल्यावरच्या शरीफुन्निसाखालांपासून उमैमा एकेक नाव आठवू लागली.