बिनघोड्याचा रिलीज

माझा पुढचा दात माझ्याच मुठीनं तोडला. हसू नका. कंपाउंड धनुष्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत, रिलीज नावाच्या छोट्या आकड्यात अडकवून ओढतात. दोरी ताणलेली असताना तो आकडा अवेळी सुटला, की ओढणारी मूठ सरळ आपल्याच थोबाडावर येते. माझी आली. ओठ फाटला, दात अर्धा तुटला, ओढणीवर रक्त सांडलं, आणि आमचे खंडेराव सर शांतपणे म्हणाले, "अंगठा लवकर उचललास."

सर देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. मखमलाबादला आमच्या फुलांच्या मळ्याशेजारीच राहायचे आणि आम्हा चार-पाच पोरींना तिरंदाजी शिकवायचे. जिल्ह्यात मी पहिली यायची, पण राज्याच्या स्पर्धेत माझा बाण ऐन वेळी डावीकडं जायचा. कारण माझा रिलीज घोड्याचा होता. मनगटाला पट्टा आणि बोटाशी बंदुकीसारखा घोडा. मधला पिवळा ठिपका दिसला, की माझं बोट तो घोडा हिसकायचं.

"बोट रागीट आहे तुझं," सर म्हणाले. "हा बिनघोड्याचा वापर."

तो नुसता मुठीत धरायचा. अंगठा खुंटीवर दाबून दोरी ओढायची, मग अंगठा उचलायचा आणि पाठ आवळत राहायचं. मूठ हळूहळू कलते आणि दोरी आपली आपण सुटते. नेमकी कधी, हे ओढणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून हिसका बसत नाही आणि बाण सरळ जातो. पहिल्याच दिवशी माझा अंगठा लवकर उठला आणि दात गेला, तो यानंच.

"फक्त एक लक्षात ठेव," सर म्हणाले. "अंगठा उचलला की हा तुझं ऐकत नाही. ज्याला मारायचं नाही, त्याच्याकडं तोंड करून हा ओढायचा नाही."

त्याच आठवड्यात आखाजीच्या सणाला माझी मोठी बहीण मंजुषाताई माहेरी आली. सायखेड्याला दिलेली. तिचाही ओठ फाटलेला. दोघी बहिणी सारखेच ओठ घेऊन फूलबाजारात झेंडू विकायला बसलो.

शेजारच्या भागुबाईनं मला विचारलं, "काय गं छाये, बापानं हाणलं का?"

मी धनुष्याचं सगळं रामायण सांगितलं. तिला एक अक्षर पटलं नाही. मग ताईला विचारलं.

"मोरीत घसरले," ताई म्हणाली.

"जपून गं बाई," भागुबाई म्हणाली आणि गिऱ्हाईक बघायला लागली. माझं खरं कोणाला पटेना आणि ताईचं खोटं सगळ्यांना पटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी ताई अंघोळीला बसली तेव्हा मी तिची पाठ पाहिली. मोटारीच्या केबलचे वळ होते, जुन्यावर नवे. दोन वर्षं ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. मी आईला ओढत आणलं आणि दाखवलं. आईनं पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, छाये. बोभाटा नको."

सण झाला आणि ज्ञानेशदाजी ताईला न्यायला आले. ताई ओसरीवर उभी राहून म्हणाली, "मी येत नाय."

लग्नानंतर पहिल्यांदा ती नवऱ्याला नाय म्हणाली असेल. त्यानं तिथंच तिच्या कानाखाली वाजवली. आमचे वडील, आण्णा, मध्ये पडले, हात जोडून "पाव्हणं, पाव्हणं" करत. त्यानं त्यांच्या छातीत लाथ घातली. आण्णा पायरीवरून कोलमडले. मग त्यानं ताईचे केस धरले आणि तिला अंगणातून फरफटत गोठ्याच्या खांबापाशी नेलं. तिथं पहार टेकवून ठेवलेली होती. ती त्यानं दुसऱ्या हातात घेतली.

"चलतीस का इथंच डोकं फोडू?"

मी बारदानाच्या थप्पीवर सराव करत होते. हातात धनुष्य, मुठीत बिनघोड्याचा रिलीज, आणि घोड्याचा कमरेच्या पिशवीला लटकलेला. मी वळले.

खरं सांगते, मला त्याचा गळा दिसत होता. घोड्याचा घेतला, तर पाहिजे त्या क्षणी बाण सुटला असता. पण माझं बोट हिसकलं असतं, बाण डावीकडं गेला असता, आणि डावीकडं ताईचं डोकं होतं. बिनघोड्याचा सरळ मारणार, पण कधी मारणार ते तोच जाणे. त्यातून मूठ रागानं थरथरली, की तो अवेळी सुटणार. त्याचा पुरावा माझ्या तोंडात होता.

कमरेकडं गेलेला हात मी परत आणला. बाण लावला, अंगठा दाबून दोरी ओढली.

त्यानं मला पाहिलं आणि दात काढले. "सोड की. बघू तुझी हिंमत."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. पहार धरलेला हात बघितला, मनगट आणि कोपर यांच्या मधला. रागाला म्हटलं, थांब जरा, तुझं नंतर बघू. अंगठा उचलला. पाठ आवळायला लागले. त्यानं पहार उगारली, हात मागं खांबाला टेकला. ताईनं डोळे मिटले. मी नुसती ओढत राहिले.

सुटला.

बाण त्याच्या हातातून आरपार जाऊन खांबात रुतला. हात खांबालाच शिवला गेला. पहार खाली पडली. तो बैलासारखा ओरडला आणि हिसका मारला, तसं आणखी रक्त आलं. ताई उठली. केस मागं सारले, पहार दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर एकदाच घातली. हाड मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बाण कापून आम्ही त्याला सोडवलं आणि फुलांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. आण्णा छाती धरून पुढं चालवायला बसले, आम्ही तिघी बायका मागं, आणि मध्ये तो विव्हळत पडलेला.

डॉक्टरांनी हात बघितला, गुडघा बघितला. "काय झालं यांना?"

ताई पुढं झाली.

"मोरीत घसरले," ती म्हणाली. आवाज तोच, बाजारातला.

"बाई, हाताला आरपार भोक आहे. मोरीत होतं काय?"

"लय निसरडी मोरी आहे त्यांच्याकडं. मी दोन वर्षं तिथंच पडत होते. मला कोणी असं विचारलं नाय."

डॉक्टरांनी तिचा ओठ बघितला. मग त्याला म्हणाले, "तुम्ही बोला. पोलिसांना कळवायचं का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते, रिलीज अजून मुठीतच होता. मेव्हणीनं बाण मारला आणि बायकोनं गुडघा फोडला, हे सायखेड्यात कोणत्या तोंडानं सांगणार?

"घसरलो," तो म्हणाला. "मोरीत."

इतका वेळ आई भिंतीला टेकून उभी होती. ती खाटेजवळ गेली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"जपून चालत जा, जावईबापू," ती म्हणाली. "आमची मंजी काय आता सावरायला येणार नाय."

मग तिनं ताईचा हात धरला आणि आम्ही टेम्पोकडं निघालो.