मोतीरामांची मेंढी

'नीलसरोवर' सोसायटीत पाणी सोडून सगळं होतं. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं आता तीन उंच इमारती उभ्या होत्या. लिफ्ट होती, क्लबहाउस होतं, दारात सिमेंटच्या हंसांचं कारंजं होतं आणि त्या कोरड्या कारंज्यात रहिवासी मुलांच्या सायकली ठेवत. महापालिकेचं पाणी लवकरच येणार होतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात तर ते आलेलंही होतं. एकोणीसच्या उन्हाळ्यात जायकवाडीनं तळ दाखवला तेव्हा शहरातल्या नळवाल्यांनीही हात टेकले, आणि ज्यांना नळच नव्हता त्या नीलसरोवरकरांना जरा बरं वाटलं.

तर, टँकर. आणि टँकर बघायचा तो सोसायटीच्या सेक्रेटरीनं, म्हणजे श्रीरंग पैठणकरानं. हे पद त्यानं मागितलं नव्हतं. सभेत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत होता, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं. दिवसा विमा कंपनीतली नोकरी, सकाळी टँकरची वाट बघणं, आणि उरलेला सगळा जीव फेसबुकवरच्या 'मोतीरामांचे आम्ही' या ग्रुपमध्ये. तिथं तो सेक्रेटरी नव्हता, ॲडमिन होता. फरक ज्याला कळतो त्याला कळतो.

मोतीराम हे एका बंद पडलेल्या मुलांच्या मासिकाचे चित्रकार. मुखपृष्ठावर उडते घोडे काढायचे, उलटे समुद्र काढायचे, माशाच्या पाठीवर वसलेली गावं काढायचे. मासिक बंद पडल्यावर ते सोयगावकडे आपल्या गावी गेले, आणि तिथं कुणी त्यांना बरीच वर्षं विचारलं नाही. ते वारले तेव्हा मात्र चाहते खडबडून जागे झाले. आता रोज कुणीतरी रद्दीतून मिळवलेलं मुखपृष्ठ ग्रुपवर टाकायचं, त्याखाली कुणीतरी 'शब्द नाहीत' असं लिहायचं आणि मग दोन परिच्छेद लिहायचं. बरीच मुखपृष्ठं उन्हात राहून लाल रंग उडालेली होती. त्यामुळे मोतीरामांचा 'निळा कालखंड' नावाची एक गंभीर चर्चा ग्रुपवर वर्षभर चालली होती. त्यांच्या प्रत्येक चित्रात कोपऱ्यात एक पालथी घागर असायची. ती का असते यावर पुण्याच्या हिमांशू गोसावी यांचा लेख होता, आणि तो लेख कुणीही पूर्ण वाचला नसल्यामुळे सर्वांना मान्य होता.

पण मोतीरामांचं मूळ चित्र एकाकडेही नव्हतं. श्रीरंगला त्याची हुरहुर लागून राहिली होती. एक, फक्त एक अस्सल मोतीराम आपल्याला सापडावा, पहिल्यांदा आपल्यालाच सापडावा, असं त्याला मनापासून वाटायचं. एवढ्या मोठ्या जगात त्याचं मागणं तेवढंच होतं.

आणि एका सकाळी नेहमीच्या टँकरऐवजी दुसराच टँकर आला. करमाडचा अजिनाथ चालवत होता. त्यानं टँकर मागं घेतला, पाइप हौदात सोडला, आणि टाकीचा मागचा भाग श्रीरंगच्या थेट नाकासमोर आला.

निळ्या आभाळात एक भलीमोठी मेंढी उडत होती. तिची लोकर म्हणजे ढग, आणि त्या लोकरीतून पाणी गळत होतं. एक पंख वर पसरलेला. दुसरा मात्र खाली, वाकडा, अंगाशी धरलेला, आणि त्या पंखाखाली एक अख्खी वस्ती बसलेली. इवलीशी घरं, इवलीशी माणसं, एक इवलंसं कुत्रं. आणि कोपऱ्यात पालथी घागर.

श्रीरंगला भरून आलं. हे खरंच सांगितलं पाहिजे, कारण पुढं तो जे काही वागला त्यात हा भाग हरवून जातो. तिथं हौदाच्या काठावर, नाइट पँटमध्ये, ग्रुप, ॲडमिनपद, हिमांशू गोसावी, सगळं विसरून तो त्या वाकड्या पंखाकडे बघत राहिला. आपल्यालाही त्या पंखाखाली सरकून बसता यावं असं त्याला वाटलं. मग घागर दिसली आणि तो पुन्हा ॲडमिन झाला.

त्यानं फोटो काढून वर नेला. बायकोनं, वैदेहीनं, तो नीट बघितला.

"छान आहे रे. कुणी काढलंय?"

"कुणी काय, मोतीराम! घागर बघ की. शेवटच्या दिवसांत पोटासाठी टँकर रंगवले असणार त्यांनी."

"त्या ड्रायव्हरला विचारलंस?"

"त्याला काय कळतंय चित्रातलं?" श्रीरंग म्हणाला, आणि दुपारपर्यंत पोस्ट ग्रुपवर होती.

ग्रुप उसळला. हिमांशूनं लगेच या काळाला 'मोतीरामांचा अज्ञातवास' असं नाव देऊन टाकलं. मिटलेला पंख म्हणजे कलावंताचं जायबंदी मन, असं त्यानं लिहिलं. नाशिकची मनस्विनी म्हणाली, छे, तो पंख म्हणजे दुष्काळातला मराठवाडा, आणि चित्र बघून आपण रडलो. तेव्हा आपणही रडलो असं आणखी बऱ्याच जणांना आठवलं. श्रीरंगचं अभिनंदन करणाऱ्यांची रीघ लागली. त्या भरात त्यानं अजिनाथचा नंबर घेतला, फेसबुकवर त्याला शोधून काढलं आणि 'चित्राचे जतनकर्ते' म्हणून मोठ्या सन्मानानं ग्रुपमध्ये घेतलं. खात्याचं नाव होतं 'करमाडचा वाघ'. वाघानं हात जोडून लिहिलं, "धन्यवाद सर. घरची लई खुश हाय. रोज वाचून दाखवाय लावती." ग्रामीण माणसाचा हा निरागस विनय सगळ्यांना फार भावला. त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारलं नाही.

रविवारी चाहते प्रत्यक्ष दर्शनाला आले. हिमांशू पुण्याहून, मनस्विनी नाशिकहून, शिवाय शहरातले पाच-सात. टँकर आला तोच मुळी सगळ्यांनी घेरला. कुणी म्हणालं, टाकी भरलेली असली की ओलावा सुटतो, रंगाला धोका आहे. कुणी म्हणालं, पाइप लावू नका, फोटोत येतो. अजिनाथ पाइप खांद्यावर घेऊन उभा राहिला. नीलसरोवरच्या गॅलऱ्यांमधून बादल्या घेतलेली माणसं खाली बघत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरून एक आवाज आला, "ओ सेक्रेटरी, मेंढीचं झालं असलं तर आंघोळीचं बघा!"

हिमांशू बोलू लागला. तो बोलतो छान, त्यात वाद नाही. हा पंख, तो म्हणाला, जाणीवपूर्वक चुकवलेला आहे. मोतीरामांइतका शरीररचनेचा अभ्यास असलेला माणूस असा पंख सहज काढणार नाही. ही चूक करायला आयुष्य घालवावं लागतं. सगळ्यांनी मान डोलावली. श्रीरंगची छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं होतं.

तेवढ्यात टँकरच्या केबिनमधून एक बाई उतरली. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"ही दिपाली, आमची मंडळी," अजिनाथ म्हणाला. "हिनंच काढलंय. तुमी सगळे येनार म्हणल्यावर म्हणली, मी बी येती."

सगळ्यांनी आधी दिपालीकडे बघितलं, मग मेंढीकडे.

"काढलंय म्हणजे?" हिमांशू म्हणाला. "वरून रंग दिलाय का?"

"नाय. सगळंच," दिपाली म्हणाली. लाजून, पण नीट. "आमची मेंढरं होती आधी. चारा नाय म्हणून इकली आन् टँकर घेतला. मला करमंना. म्हणलं, एक तरी राहू द्यावी घरात."

"आणि मोतीराम?" मनस्विनीनं विचारलं.

"ते कोन?"

"मग ती पालथी घागर?"

"टँकर यायच्या आधी घागरी रिकाम्याच असत्यात की," दिपाली म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला.

पेढे सगळ्यांनी घेतले. मग चित्राकडे पुन्हा बघितलं, आणि काय आश्चर्य, तेच चित्र डोळ्यांदेखत बिघडू लागलं. निळा रंग भडक निघाला. लोकर बालिश निघाली. मनस्विनी म्हणाली, मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. रडताना खटकलं असणार. हिमांशू मात्र मोठ्या मनाचा. त्यानं दिपालीला समजावून सांगितलं की हौस चांगली आहे, पण शरीररचना कच्ची आहे. पंख असा खाली वाकतच नाही.

"कोंबडी धरती की पिलांवर," दिपाली म्हणाली.

"उडताना नाही धरत," हिमांशू हसून म्हणाला, आणि बाकीचेही हसले.

दिपालीनं मान हलवली. तिला राग आला नव्हता, तिला शिकायचं होतं. मग तिनं श्रीरंगकडे बघितलं. सगळ्यात आधी चित्र ज्याला आवडलं तो हा माणूस, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते रोज वाचून घेतलं होतं.

"तुमाला काय वाटतं, साहेब?"

श्रीरंगला काय वाटत होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. पंख तसाच वाकडा होता, वस्ती तशीच त्याच्याखाली बसली होती, आणि त्याला आत्ताही भरून येत होतं. ते बोलायला दोन वाक्यं पुरली असती. पण हिमांशू बघत होता.

"मला पहिल्यापासून थोडी शंका होतीच," श्रीरंग म्हणाला. "पण म्हटलं, जाणकारांनी ठरवावं."

वर गॅलरीत उभ्या असलेल्या वैदेहीनं हे ऐकलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दुपारी त्यानं ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली. फोनमधला फोटोही उडवला. न जाणो, कुणी मागितला तर. ग्रुपवर मात्र 'नवोदितांना मार्गदर्शन' सुरू झालं होतं. करमाडच्या वाघाला ग्रुपमधून काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. हिमांशूनं मोतीरामांच्या पंखांची मुखपृष्ठं एकामागून एक टाकली आणि लिहिलं, दिपालीताईंनी ही समोर ठेवून सराव करावा. खाली वाघाचा अंगठा.

दोन आठवडे दुसरेच टँकर आले. मग एका सकाळी अजिनाथ आला. उतरायच्या आधीच हसत होता.

"बगा साहेब, समदं दुरुस्त केलं तिनं. तुमच्या लोकांनी पाठवलेलं मोबाइलवर ठिवून, एक एक रेघ."

श्रीरंग टाकीच्या मागं गेला. पांढराशुभ्र घोडा उडत होता. दोन पंख, दोन्ही सारखे, दोन्ही वर, पीस न् पीस जागच्या जागी. मोतीरामांचं कुठलंसं मुखपृष्ठच होतं ते, मोठं केलेलं. चूक काढायला जागा नव्हती, आणि श्रीरंगला काहीही झालं नाही.

"मेंढी?"

"मेंढ्या उडत नसत्यात असं लिव्हलं होतं ना कुणीतरी."

"आणि पंखाखालची ती घरं?"

"पंख उचलला म्हणल्यावर घरं उघड्यावर आली ना, साहेब," अजिनाथ म्हणाला. "मंग पुसूनच टाकली तिनं."

श्रीरंगनं घाईनं विचारलं, "जुन्याचा फोटो असेल ना तुमच्याकडे?"

"तुमच्या ग्रुपवरच होता की. आमी रोज तिथंच बघायचो. आता दिसंना झालाय, तुमीच आणा परत." अजिनाथनं पाइप हौदात सोडला. "ह्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका बरं. ती वाट बघून ऱ्हायली."

श्रीरंगनं फोटो काढला आणि टाकला. पहिला प्रतिसाद हिमांशूचाच. "आता जमलंय! श्रीरंगजींच्या मार्गदर्शनाचं हे फळ. लोककलेला दिशा देणं म्हणतात ते हेच." त्याच्यावर बदामांचा पाऊस पडू लागला. त्या वर्षी मराठवाड्यात जो काही पाऊस पडला तो असाच.

त्याखाली करमाडचा वाघ बोलला. "सर, मी दिपाली. पंख आता बरोबर हाय का?"

श्रीरंगनं लिहिलं, "दिपालीताई, पहिलाच पंख बरोबर होता." लिहून तो त्या ओळीकडे बघत राहिला. तिच्या बरोबर वर हिमांशूचा प्रतिसाद होता आणि त्यावरचे बदाम वाढतच होते. मनस्विनीनंही लिहिलं होतं, ॲडमिन असावा तर असा. हौदात पाणी धो धो पडत होतं. बोट पाठवण्याच्या खुणेवर थोडा वेळ थांबलं, मग मागं आलं आणि एक एक अक्षर खोडत गेलं.

"हो. आता अगदी बरोबर आहे. अशीच प्रगती करत राहा," त्यानं लिहिलं, आणि पाठवून दिलं.

पाइप गुंडाळता गुंडाळता अजिनाथनं खिशातून फोन काढून बघितला आणि त्याचा चेहरा फुलला.

"लई बरं केलं, साहेब," तो म्हणाला. "पंधरा दिवस झाले, जेवन गोड लागत नव्हतं बगा तिला."