लोखंडी राणीला ओठ नसतात

आमच्या घरचं भांडण एका जुन्या सिनेमात कसं शिरलं, हे हल्ली मला येणारा-जाणारा विचारतो, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते. मध्ये कुणी बोलू नका. मी ध्वनिमुद्रक आहे. दिवसभर लोकांची बडबड कानात घेऊन बसते, त्यामुळे माझी बोलायची पाळी आली की मला कुणी अडवलेलं अजिबात खपत नाही.

सिनेमा असा. आकाशातून लोखंडी राणी उतरते आणि माणसांची झोप चोरायला लागते, कारण तिचं सगळं राज्य झोपेवर चालतं. शहरंच्या शहरं जांभया देतायत, सैनिक उभ्या उभ्या पेंगतायत, आणि एकटा वैमानिक काय तो डोळे उघडे ठेवून लढतोय. मग पाठलाग, स्फोट, मारामारी आणि परत स्फोट. त्या काळी लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला होता. राणी म्हणजे पत्र्याच्या पोशाखात कोंबलेली एक उंच नर्तिका, आणि तिचा आवाज आमच्या आईचा. वैमानिक म्हणजे एक रुंद खांद्यांचा देखणा नट. त्याने तोंड उघडलं की चहाची किटली शिट्टी मारतेय असं वाटायचं, म्हणून त्याच्या तोंडी आवाज घातला आमच्या बाबांचा. पडद्यावर दोघं एकमेकांच्या जिवावर उठली होती आणि काम संपल्यावर त्यांनी लग्न केलं.

तेव्हा दोन वर्षं आई वेगळी राहत होती. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. बाबा घरी बोलत नसत, एवढंच. असा आवाज, की नुसतं 'दार लावा' म्हणाले तरी चार माणसं उठून उभी राहतील. पण दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातून बोलायचं आणि घरी आलं की स्वतःच्या तोंडाला कुलूप. शेवटी आई म्हणाली, "मुक्यानेच राहायचं तर मी एकटी राहीन, निदान पसारा तरी माझा असेल." आणि गेली. आणि त्या रविवारी ती कायमची मावशीकडे निघाली होती, दुसऱ्या शहरात. मला सांगितलं, बाबांना नाही. "त्यांना कशाला सांगू? 'बरं' म्हणतील."

मला आई जायला नको होती. बाबांनाही नको असणार, पण ते बोलणार कोण?

तेवढ्यात आमच्या स्टुडिओत नवाकोरा आला. हे मी त्याला ठेवलेलं नाव. तरुण निर्माता, पांढरेशुभ्र बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'आजचा प्रेक्षक'. त्याने तो सिनेमा विकत घेतला होता. चित्र धुऊनपुसून लखलखीत केलं होतं, पण आवाजाची पट्टी पार कुजलेली, म्हणून संवाद नव्याने भरायचे होते. आणि भरायचेच आहेत तर आजच्या प्रेक्षकासाठी बदलूनही घ्यायचे होते. आजच्या प्रेक्षकाला राणी दुष्ट चालत नाही, ती 'थकलेली' पाहिजे. आजच्या प्रेक्षकाला वैमानिकाने न विचारता ठोसा मारलेला आवडत नाही. वैमानिकाची सिगारेट तर त्याने कॉम्प्युटरवर पुसून तिथे पेन्सिल घातली होती. आता तो देखणा गडी ओठात पेन्सिल धरतो, काडी ओढून ती पेटवतो आणि नाकातून धूर सोडतो.

"धूर राहिलाय," मी म्हटलं.

"ताई, आजचा प्रेक्षक एवढं बघत नाही."

आवाज मात्र त्याला तेच हवे होते, आई आणि बाबांचे. त्याने दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायला सांगितलं, आणि मी दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवलं. मुद्दाम. विचारलंत म्हणून सांगते, मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

दोघं आत समोरासमोर आली. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी माइककडे पाहिलं. "तब्येत?" आई म्हणाली. "बरी," बाबा म्हणाले. झाला संवाद. मी काचेच्या अलीकडे कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या कामाची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. पडद्यावर ओठ हलतील तेवढंच बोलायचं. ओठ उघडले की सुरू, मिटले की गप्प. बाबांनी जन्मभर हेच केलं आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण लोखंडी राणीला ओठच नाहीत! तोंडाच्या जागी नुसती एक जाळी. त्यामुळे आईला मोकळं रान. ती कधीही सुरू होऊ शकते आणि मनात येईल तेव्हा थांबते.

पहिला तुकडा लावला. राणीचं पानावरचं वाक्य होतं, 'मला तुमची झोप हवी आहे, माझं जग थकलं आहे.' आईने ते असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. त्यावर वैमानिकाने दोन्ही हात पसरून म्हणायचं होतं, 'थांब! आधी बोलू या!' पण राणीची जाळी अजून पडद्यावरच होती. आई मागे हटते होय?

"आणि झोपेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते," लोखंडी राणी गरजली, "या शहराची झोप मी नाही उडवली. तू उडवलीस. तू घोरतोस!"

वैमानिकाचे ओठ उघडले. बाबा बिचारे ओठांचे गुलाम. बोलणं भागच होतं.

"मी? कधी घोरलो?"

बरोब्बर बसलं! ओठाला ओठ! नवाकोरा खुर्चीवरून उडालाच. "ताई, हेच! आजच्या प्रेक्षकाला हेच हवंय! चालू राहू दे!"

मग काय विचारता. पानं राहिली बाजूला. पडद्यावर पूल कोसळतोय, रणगाडे जळतायत, आणि राणी एका हाताने मनोरा उपटत विचारतेय की ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं. वैमानिक विमानातून उडी मारता मारता ओरडतोय, "एकदाच टाकला होता!" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसू आवाजात जाऊ नये म्हणून मी रुमाल दातांत धरला. शेजारच्या खोलीतले संकलक येऊन दारात उभे राहिले, चहावाला आला तो चहा द्यायचा विसरला.

"घरात खिडकीला निळा पडदा लावला," राणी म्हणाली, आणि आता तिचा आवाज थोडा खाली आला होता, "दिवसभर खपून स्वतः शिवला. विचारलं, कसा दिसतोय? तर हा काय म्हणाला असेल? सांग ना सगळ्यांना, काय म्हणालास!"

पडद्यावर त्या क्षणी वैमानिक लोखंडी तुळई उचलत होता. त्याचे ओठ मिटलेले, फक्त जोर लावताना गालातून एक हुंकार. दुसरं काही बसणं शक्यच नव्हतं.

"हं," बाबा म्हणाले.

संकलक दारातच खाली बसले. नवाकोरा टाळ्या पिटत होता, आई स्वतः हसत होती, आणि बाबा कानापर्यंत लाल झाले होते. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. मी पण येडीच.

कारण हसता हसता आईच्या तोंडून निघून गेलं, "हसा, हसा. रविवारी मी माझ्या ताईकडे चाललेय. कायमची. मग करा हं-हं भिंतीशी."

वैमानिकाचे ओठ हलत राहिले. आवाज नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाबांचे ओठ चुकले. त्यांनी हेडफोन काढला, पान चाळलं, पुन्हा चाळलं.

"ही ओळ पानावर आहे?"

"नाही," आई म्हणाली.

बाबा पाणी प्यायला बाहेर गेले. मी मागोमाग गेले. पाण्याच्या पिंपाशी रिकामा पेला धरून उभे होते.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आता मी काय बोलू?" ते म्हणाले. "तू लिहून दे. दोनच ओळी दे. मी नीट म्हणेन."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, मी नाही लिहून देणार! लोकांच्या बायकांना तुम्ही आजवर इतक्या वेळा थांबवलंत, स्टेशनवर, बंदरावर, चंद्रावर! स्वतःच्या बायकोला थांबवायला तुम्हाला माझं पान लागतं? लाज नाही वाटत?"

"वाटते," बाबा म्हणाले, पेला भरून घेतला आणि आत गेले. मला उगाच बोलले असं झालं, पण तोंडातून गेलेलं गेलं.

राहिला होता शेवटचा तुकडा. राणी हरलेली नाही आणि जिंकलेलीही नाही, ती आपल्या यानाची शिडी चढते, झाकण बंद होतं, यान उडतं. वैमानिक खाली उभा राहून बघतो. मूळ सिनेमात इथे नुसतं संगीत होतं. नवाकोऱ्याच्या पानावर एवढंच लिहिलेलं: 'निरोप. भावनिक. तुम्हीच बघा.'

मी तुकडा लावला. बाबा पुढे वाकले. "ओठ कुठे आहेत?"

"पाठमोरा आहे तो," मी म्हटलं.

"मग सुरू कधी करायचं? थांबायचं कधी?"

"तुमच्यावर आहे."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. यान एकदा उडालं, बाबा गप्प. परत लावलं, घसा खाकरला, यान उडालं. आई आपल्या माइकपाशी हाताची घडी घालून उभी होती. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा राणीने शिडीवर पाय ठेवला आणि बाबा बोलायला लागले. तो मोठा आवाज नव्हताच. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जरा घोगरा, जरा अडखळणारा.

"पडदा छान आहे. तेव्हाच आवडला होता. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर दिसत असेल. माझ्या चेहऱ्याकडे बघायची कुणाला सवयच नाही, मलासुद्धा नाही. तू गेल्यापासून मी बोलतो, खरं सांगतो. गॅस पेटला नाही तर त्याला बोलतो. त्या पडद्याला रोज सांगतो, काय सुंदर दिसतोस रे. तुला सांगायचं ते सगळं पडद्याला सांगून झालं. आणि झोप नाही. कुणीतरी येऊन माणसाची झोप घेऊन जातं, हे मला तेव्हा अगदी पोरकट वाटलं होतं. तसं नाहीये. जातात घेऊन. जाऊ नकोस गं. मला तू हवी आहेस. आता थांबायचं कधी ते मला समजत नाहीये, म्हणून मी परत म्हणतो, जाऊ नकोस."

पडद्यावर झाकण बंद झालं. धुराचा लोट उठला. यान वर, वर, ढगांत. मी आईकडे बघायचं धाडस केलं नाही. जिला ओठांचं बंधन नाही ती बाई गप्प होती.

मग ढगांतून, अगदी स्पष्ट, लोखंडी राणीचा आवाज आला.

"बरं. नाही जात."

पहिला भानावर आला तो नवाकोरा. "मॅडम, फारच सुंदर, पण यान तर उडालं!"

"मग?"

"तुम्ही 'नाही जात' म्हणताय आणि आम्हाला दिसताय जाताना. आजचा प्रेक्षक..."

"आजच्या प्रेक्षकाचं तुम्ही बघा," आईने डोळे पुसत सुनावलं. "मी ओळ बदलणार नाही. म्हणाले ते म्हणाले."

नवाकोऱ्याने डोकं धरलं. माझं डोकं मात्र आता भलतंच हलकं झालं होतं. मी संकलकांना म्हटलं, "उलटं फिरवा." त्यांनी फिरवलं. काय सांगू तुम्हाला! ढगांतून यान शेपटीकडून खाली आलं, मैदानभर पसरलेला धूर त्याने सुर्रकन पोटात ओढून घेतला, झाकण उघडलं, आणि लोखंडी राणी ढुंगण पुढे करून एकेक पायरी खाली उतरली. नवाकोरा पांढऱ्या बुटांनी नाचला. अक्षरशः नाचला, चहावाल्याचा हात धरून. आई हसून हसून खोकायला लागली, बाबांनी आपला पाण्याचा पेला पुढे केला आणि तिने तो घेतला.

सिनेमा पुढे तसाच लागला आणि चालला, ते तुम्हाला माहीतच आहे. मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आईच्या बांधून ठेवलेल्या पिशव्या आणायला आम्ही तिघं पायी निघालो. आणि बाबा बोलत होते. कोपऱ्यावरचं केशकर्तनालय बंद झालं, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दात बसवले, त्यांना शिट्टी वाजवता येत नाही. मांजर येतं, ते बहुधा गाभण आहे. ढग कसे आलेत बघ. हा दिवा दोन दिवस लुकलुकतोय, तक्रार करायला हवी, मी करेन, उद्याच करतो. पिशव्या घेऊन परत निघालो तरी बाबा चालूच. जिन्यातही चालू. कुलपाला किल्ली लावली, दार उघडलं, तरी त्या किल्लीचा एक दात कसा झिजलाय ते चालू.

आई उंबऱ्यात थांबली, मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "अगं, यांना बंद कुठून करायचं?"

मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाली, "नको, राहू दे," आणि दोन्ही हातांत पिशव्या तशाच धरून ऐकत उभी राहिली.