फिलोचा झोळा

देल्फिनो माझा मावसभाऊ. कामाला वाघ, पण तोंडाला लगाम नाही. लग्न झाल्यापासून तो सासऱ्याच्या, म्हणजे नेमेसियो कानुलच्या अंगणात राहून राबत होता. आमच्याकडे जावयाने तसं राबायचंच असतं, सासरा ‘पुरे’ म्हणेपर्यंत. मग स्वतःचं घर. देल्फिनोला ते गावाच्या दुसऱ्या टोकाला हवं होतं, सासऱ्याच्या नजरेआड. नेमेसियोला सगळं गाव ताता म्हणतं. हा ताता नाही म्हणत नव्हता आणि पुरेही म्हणत नव्हता. आधी छपराची पानं तर आणू, एवढंच म्हणायचा.

छपराचं ताडपान पौर्णिमेलाच तोडावं लागतं, नाहीतर त्याला कीड धरते. म्हणून जानेवारीची पौर्णिमा गाठून आम्ही तिघं रानात गेलो. ताता, देल्फिनो आणि मी. नेमका त्याच दिवशी उत्तरेचा वारा सुटला. समुद्रावरची ओल घेऊन येणारा हा वारा अंगावर न थांबता सरळ हाडात शिरतो.

दोन झाडांमध्ये टांगलेल्या, सुताच्या जाळीच्या झोळ्यात झोपणाऱ्याला थंडी वरून लागत नाही, पाठीखालून लागते. हे आमच्या रांगत्या पोरांनाही ठाऊक असतं. संध्याकाळी झाडांना झोळे बांधले तेव्हा मी कांबळं आधी आत अंथरलं आणि एक टोक पायांवर ओढायला ठेवलं. तातानेही आपलं कांबळं काढलं. देल्फिनोने कांबळं आणलंच नव्हतं.

“फिलोने विणलाय,” झोळ्यावर थाप मारत तो म्हणाला. “दुहेरी सुताचा. याला कांबळं कशाला? ती म्हाताऱ्यांची थेरं.”

फिलो त्याची बायको, ताताची एकुलती एक मुलगी. नवऱ्यासाठी तिने विणलेला हा पहिलाच झोळा. ताताने जाळीत दोन बोटं घालून पाहिली. वीण सैल होती, मला लांबूनही दिसत होतं. माझं कांबळं घे, मला शेकोटी आहे, एवढंच ताता म्हणाला. देल्फिनो हसला आणि झोळ्यात शिरून लगेच घोरायला लागला. दिवसभर पानं तोडून मीही मेल्यासारखा झोपलो.

उजाडलं तेव्हा माझी बोटं वळत नव्हती. ताता शेकोटीपाशी उकिडवा बसला होता. ओठ काळेनिळे पडलेले, हात असे थरथरत होते की कॉफी कपाबाहेर सांडत होती. त्याला खोकल्याची ढास लागली होती. तेवढ्यात देल्फिनोने झोळ्यातून उडी मारली, हातपाय ताणले आणि झोळ्याकडे वळूनही न बघता शेकोटीपाशी आला. आपल्याला घाम फुटायचाच बाकी होता, असं त्याने आम्हाला दोनदा ऐकवलं. मग तो ताताकडे वळला.

“काय ताता, एका रात्रीत ही गत? तुम्ही आता घरी चुलीपाशी बसायचं. रानात यायचे दिवस गेले तुमचे. छप्पर मी एकटा घालतो की.”

ताताने कॉफीचा घोट घेतला. मी जमिनीकडे बघत राहिलो.

उन्हं वर यायच्या आत निघायचं म्हणून देल्फिनो झोळा सोडायला गेला. पहिली दोरी सुटली आणि झोळ्याच्या पोटाखालून काहीतरी जड लोंबकळलं. ताताचं कांबळं. दोन्ही टोकं सालीच्या दोरीने झोळ्याला नीट बांधलेली. खाली जमिनीत वीतभर खड्डा होता आणि त्यातली राख अजून कोमट होती. निखारे एकदा घालून सकाळपर्यंत टिकत नाहीत. कुणीतरी पुन्हा पुन्हा उठून ते आणून घातले होते.

देल्फिनोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दोरीचं टोक हातात धरून तो तसाच उभा राहिला.

“मला उठवायचं तरी, ताता,” तो कसाबसा म्हणाला.

“उठवून काय? तू ऐकलं असतंस?” ताता म्हणाला. “आणि कुडकुडला असतास तर उद्या गावभर सांगत फिरला असतास, नेमेसियोच्या पोरीला झोळा विणता येत नाही म्हणून.”

गेल्याच महिन्यात मक्याच्या गिरणीवर, भर रांगेत, फिलोच्या करपलेल्या घेवड्याची गोष्ट देल्फिनोने रंगवून रंगवून सांगितली होती. त्या रांगेत ताताही उभा होता. आपला भाऊ म्हणून मलाच तिथे लाज वाटली.

परतीच्या वाटेवर त्याने मान वर केली नाही. ताताचा भारा त्याने आपल्या पाठीवर घ्यायला हात पुढे केला. ताताने भारा पेलणारा कपाळावरचा पट्टा घट्ट केला आणि स्वतःचा भारा स्वतःच वाहिला, खोकत खोकत.

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा फिलो रोट्या भाजत होती. तिने आधी झोळ्याचंच विचारलं, थंडी लागली का म्हणून.

“ऊब होती म्हणे,” ताता पटकन बोलला आणि आपल्या झोळ्यात जाऊन आडवा झाला.

फिलोने धुवायला म्हणून ताताचं कांबळं उचललं. खालच्या बाजूला धुराचा डाग होता, टोकांना सालीच्या गाठी तशाच होत्या. तिने एका गाठीवरून अंगठा फिरवला.

“लहानपणी माझ्या झोळ्याखाली ताता अश्शाच गाठी मारून कांबळं बांधायचा,” ती म्हणाली. “वीण सैल झालीय, कांबळं घेऊन जा, असं मी तुला सांगितलं होतं.”

देल्फिनो पानांचा भारा सोडायला लागला.

“सकाळी ताताला काय म्हणालास?”

नवऱ्याचं तोंड तिला पुरतं ठाऊक होतं. देल्फिनोने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत करणार नव्हतो.

“म्हणालो... म्हणालो की तुम्ही आता चुलीपाशी बसायचं.”

तव्यावरची रोटी करपली तरी फिलोने ती उलटली नाही. झोळ्यातून खोकला ऐकू आला आणि मग ताताचा आवाज.

“बसलोच होतो की. रात्रभर.”

देल्फिनो खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं.

“पानं मिळाली आहेत,” ताता पुढे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “आता पुरे. हवं तिथं घर बांध.”

या शब्दासाठी देल्फिनोने जीव आटवला होता. तो ऐकूनही त्याने तोंडावरचे हात काढले नाहीत.