झावळीपलीकडे थांबलेली होडी

होडी दिसली तेव्हा बोनेफास किनाऱ्यावरच होता. सकाळपासून तो मांडीवर जाळं घेऊन दुरुस्तीला बसला होता. जाळं चांगलं धडधाकट होतं, पण हे त्याला सांगणार कोण? नाकावर माशी बसू देईल तर तो बोनेफास कसला! गावातली माणसं त्याच्यापासून चार हात लांब, नारळींच्या सावलीत गप्प उभी होती.

त्या होडीत त्याच्या धाकट्या भावाची, मेलकीची, शवपेटी होती. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात मेलकी गेल्याचा निरोप आदल्या दिवशी आला होता. या गावात प्रत्येक घराण्याची प्रवाळाच्या खडकांतून आत यायची आपापली वाट असते. माणूस मेला तरी आपल्याच वाटेनं घरी येतो. दुसऱ्याच्या वाटेनं आणला तर आपल्याच मातीत तो पाहुणा ठरतो. आणि बोनेफासच्या घराण्याच्या वाटेवर, पाण्यात रोवलेल्या दोन खांबांमध्ये, नारळाची कोवळी झावळी आडवी बांधलेली होती. झावळी बांधली की वाट बंद, आणि ही बोनेफासनं स्वतःच्या हातानं बांधली होती.

भांडण बागेवरून होतं. टेकडीच्या उतारावरची नारळाची बाग, जमीन वडिलांची आणि झाडं मेलकीनं लावलेली. वडील गेल्यावर बोनेफास म्हणाला, जमीन थोरल्याची. मेलकी म्हणाला, ज्याची झाडं त्याची बाग. दोघांचंही आपापल्या परीनं बरोबर होतं, म्हणून तर मिटेना. बोनेफासनं बागेला झावळी बांधली असती तर कुणाला वावगं वाटलं नसतं, तशा कितीतरी बागा बंद होतात आणि उघडतात. पण रागाच्या भरात गड्यानं अक्कल गहाण टाकली आणि थेट वाटेवरच झावळी बांधली. सगळ्या गावासमोर, पूर्वजांची नावं घेऊन तो म्हणाला, "मेलकी आणि मेलकीचं जे काही असेल ते या वाटेनं आत येणार नाही." मेलकीचं म्हणजे खोबऱ्याची पोती, एवढंच तेव्हा त्याच्या डोक्यात होतं. भाऊ कधी मरेल हे कुठल्या भावाच्या डोक्यात असतं?

अशी झावळी एकट्यानं सोडता येत नाही. बांधणाऱ्यानं आपला हट्ट आधी तोंडानं सोडायचा, मग दोघांनी समोरासमोर एकाच सुपारीची दोन खांडं चघळायची, आणि त्यानंतर गाठ सोडायची. नाहीतर ती दोन्ही घरांना बाधते. मेलकी बायकोला घेऊन तिच्या माहेरच्या बेटावर राहायला गेला. बोनेफास दर ईस्टरला वाळलेल्या झावळीवर नवी हिरवी झावळी बांधत राहिला. मेलकी आजारी पडून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात असल्याचं कळलं, त्यानंतर गावची होडी दोनदा तिकडं गेली. दोन्ही वेळा बोनेफास कपड्यांची पिशवी घेऊन किनाऱ्यापर्यंत आला आणि 'त्यानं आधी बोलवायला हवं' असं स्वतःशीच पुटपुटत परत फिरला. आज त्या पिशवीची आठवण झाली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

खांबांच्या अलीकडे येण्याआधीच होडीचं इंजिन बंद झालं. पेटीला टेकून मेलकीची बायको दोमितिला बसली होती. पूर्वेचा वारा सुटला होता आणि होडी जागच्या जागी वर-खाली होत होती.

गावातले तंटे मिटवणारा म्हातारा ओनेसिमुस पाण्यात चार पावलं गेला. "पोरी, आमच्या वाटेनं आण त्याला," तो ओरडला. "आमच्या घराण्याची काही हरकत नाही. ओहोटी लागलीय. आता खडक उघडे पडतील, मग संध्याकाळपर्यंत उन्हात त्या पेटीला धरून बसावं लागेल तुला."

"बापा, तुमचे उपकार आहेत. पण माझा नवरा स्वतःच्या गावात पाहुणा म्हणून उतरायचा नाही."

"मग करणार काय?"

"थांबणार. ज्यानं बांधलीय तो बसलाय की तिथं. जाळं विणतोय वाटतं. विणू द्या सावकाश, आम्हाला कुठं घाई आहे!"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बोनेफासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एरवी असं बोलणाऱ्याची त्यानं सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती. तो उठला, जाळं वाळूत पडलं, आणि तो पाण्यात शिरला. झावळीपाशी पोचेपर्यंत पाणी त्याच्या कमरेला लागलं. पलीकडे हातभर अंतरावर होडीची कड होती, आणि कडेवरून पेटीचं पांढरं लाकूड दिसत होतं. ती पेटी फार लहान वाटत होती. मेलकी उंच होता.

"सुपारी आणलीय," तो म्हणाला.

"कुणासाठी? ते चघळणार आहेत आता?"

"त्याच्या वतीनं तू चघळ, दोमितिला."

"चघळीन. पण सुपारीच्या आधी काय करतात, भावोजी? का तेवढंच विसरलात?"

  आयुष्यभर ज्याच्या तोंडाला गाव घाबरत आलं, तो आता नुसती झावळीची गाठ चाचपत राहिला.

"बोल रे बाबा," मागून ओनेसिमुस कळवळून म्हणाला. "पाणी उतरतंय."

"मेलकी," बोनेफास पेटीकडे बघत म्हणाला, "बाग तुझी. आजपासून नाही, पहिल्यापासून तुझीच. मला ती नकोच होती रे. तू एकदा येऊन 'दादा' म्हणावंस, एवढ्यासाठी मी अडून बसलो. चुकलो मी. तुला भेटायला दोनदा निघालो आणि किनाऱ्यावरून परत फिरलो."

दोमितिलाचा चेहरा बदलला.

"दोनदा?" ती म्हणाली. "त्या दोन्ही वेळा यांनी मला दवाखान्याच्या खिडकीशी पाठवलं. म्हणाले, गावची होडी लागलीय, बघ, दादा उतरला का. सगळी माणसं उतरून गेली तरी मला खिडकी सोडू दिली नाही."

बोनेफासनं दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. सारं गाव बघत होतं. बघू दे, त्याला आता त्याचं काही नव्हतं. दोमितिलानं त्याचे अश्रू पुसले नाहीत आणि तोंडही फिरवलं नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर तिनं हात पुढं केला. त्यानं सुपारी फोडून अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. दोघांनी चुना लावून ती चघळली, पाण्यात लाल थुंकले, आणि बोनेफासनं भिजून घट्ट झालेली गाठ दातांनी ओढून सोडवली.

होडीचा तळ खडकाला घासत आत आला. आणखी थोडं पाणी उतरलं असतं तर आलाच नसता.

"चर्चमागं खड्डा तयार ठेवलाय," ओनेसिमुस म्हणाला.

"तिथं नाही, बापा. बागेत," दोमितिला म्हणाली.

सगळ्यांनी बोनेफासकडे पाहिलं. जिथं थडगं असतं ती जमीन या बेटावर पुन्हा कधी विकली जात नाही, वाटली जात नाही, कुणा वारसाला परत मागता येत नाही. बोनेफासनं होकाराची मान डोलावली आणि पेटीचा पुढचा कोपरा खांद्यावर घेतला.

बागेत त्यानं कुणालाही फावडं धरू दिलं नाही. झाडांची मुळं जाड आणि हटवादी होती. ती तोडता तोडता त्याच्या तळव्यांना फोड आले. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, माती लोटली गेली, माणसं एकेक करून उतारावरून खाली गेली. दोमितिला मेलकीच्या उशाशी बसून होती. बोनेफासनं फावडं बाजूला ठेवलं.

"दोमितिला," तो म्हणाला, "मागायला तोंड नाही मला. पण याच्या शेजारी एका माणसापुरती जागा मला देशील?"

तिनं ताज्या मातीवरून हात फिरवला, एक दगड उचलून बाजूला टाकला.

"डावीकडची घ्या," ती म्हणाली. "उजवी माझी आहे."