माझ्या मांड्या लाल झाल्या तेव्हा

मी एक जुना पाणबेडूक आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला किळस येते, हे मला ठाऊक आहे. मलाही तुमची येते. एवढी वर्षे बोललो नाही, इतकेच.

अमरावतीजवळच्या वडाळीच्या तलावात माझा जन्म झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गोपाळकृष्ण मास्तरांनी मला उचलून आपल्या बैठकीतल्या काचेच्या हंडीत ठेवले. पहिले वर्ष कौतुकाचे गेले. येणाऱ्या पाहुण्याला माझ्या पाण्यात काही टाकल्याशिवाय चहा गोड लागेना. भिजली पोळी, शेव, संत्र्याची साल; एका वकीलसाहेबांनी तर चघळलेल्या सुपारीचा चोथा टाकला आणि वर म्हणाले, "खातो का हो हा?" कोणी काय टाकले ते सगळे माझ्या ध्यानात आहे. आठवड्याला बदलणारे पाणी महिन्याला बदलू लागले. त्यावर तेलकट साय आली. त्याच घाणीत मी श्वास घेत होतो.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात माझे खाणे सुटले. बुडी मारता येईना. पाय फाकून वरच तरंगू लागलो आणि मांड्या आतून लालभडक झाल्या.

पटकीचे दिवस होते. विहिरींत लाल औषध पडत होते, घरोघर पाणी गुलाबी दिसे. मास्तरांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, औषधाचा रंग चढलाय याला. आता रोग नाही व्हायचा!" मास्तरांना ते पटले. त्यांनी आणखी एक चिमूट औषध हंडीत टाकले. माझी कातडी सोलल्यासारखी झाली. आणि हे विज्ञानाचे शिक्षक!

दुसऱ्या दिवशी शाळेचे शिपाई देवमन पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. मुलांना चिरायला बेडूक तेच पकडून आणत. त्यांना पाहताच लपावेसे वाटले, पण अंगात त्राण नव्हते.

"मास्तर, हा मरून राहिला," ते वाकून म्हणाले.

"छे रे, औषधाचा रंग आहे तो."

"रंग असता त पोटालेबी लागला असता. मांड्याच कावून लाल? शाळेच्या टाक्यात असेच सतरा मेले. घाण पाण्याचं दुखणं हाय हे. बिगर औषधाचं पाणी पाह्यजे, आत्ताच्या आत्ता."

कोपऱ्यातल्या माठात औषध पडण्याआधीचे पाणी होते. देवमनांनी हात पुढे केला, तशा प्रमोदिनीबाई माठाच्या आड उभ्या राहिल्या.

"तू थांब जरा. आमची मुलगी शैला शाळेतून आली की काढून देईल."

देवमन दोन वर्षांपूर्वीच बौद्ध झाले होते. बाईंच्या लेखी काहीच बदलले नव्हते.

"मी थांबतो, बाई. जलमभर थांबलो. बेडूक नाही थांबत."

शाळेत समतेवर बोलणारे मास्तर पेपर मोजू लागले. मित्रांनो, चोथ्याने हंडीतले पाणी विटाळले नाही, पण या हाताने माठातले विटाळणार होते! तेवढी किळस मला त्या सायीचीही आली नव्हती.

देवमनांनी हंडीतच हात ओला केला आणि मला अलगद ओल्या फडक्यात घेतले. "मी नेतो याले," ते म्हणाले. कोणी अडवले नाही.

"आमच्या विहिरीत औषध टाकाले कोणी येतच नाही," वाटेत ते मलाच सांगत होते. "तुह्यं नशीब म्हण, आमचं काय म्हणू?"

त्यांच्या पत्नी मैनाबाईंनी मला एका मडक्यात सावलीला ठेवले. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलले. दोन दिवस काही खाऊ घातले नाही, तिसऱ्या दिवशी एक गांडूळ दिले. ते मी गिळले, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. पंधरा दिवसांनी मांड्यांची लाली उतरली.

देवमन अजूनही शाळेला बेडूक पुरवतात. माणूसच आहेत शेवटी. पण माझे पाणी एक दिवसही चुकत नाही.

मित्रांनो, तुमचा बेडूक खाईनासा झाला, तरंगू लागला, मांड्या लाल दिसल्या, तर औषधाची पुडी शोधत बसू नका. आधी पाणी बदला. ते कोणाच्या विहिरीचे, हे बेडूक विचारत नाही.